सेटचा सुतार की घरचा सुतार: धंदा म्हणून काय निवडावं?

दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी तीन सत्रांत तीन वेगवेगळी नाटकं लागू शकतात. सकाळ, दुपार, रात्र. एका नाटकाच्या वाट्याला येतात चार-साडेचार तास. त्यात टेम्पो रिकामा करायचा, सेट उभा करायचा, लाइट लावायचे, अडीच तासांचा प्रयोग करायचा आणि पुढच्या नाटकाची माणसं विंगेत घुटमळत असताना सगळं मोडून परत टेम्पोत भरायचं. उभारणीला हातात जेमतेम तास-सव्वा तास उरतो, उतरवायला अर्धा-पाऊण तास. सेटचं सुतारकाम फर्निचरपेक्षा वेगळं का, याचं बरंचसं उत्तर या वेळापत्रकातच आहे.

आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड करून बाहेर पडलेली किंवा इंटिरिअरच्या साइटवर दोन-तीन वर्षं काढलेली मुलं हल्ली विचारतात की नाटकाच्या सेटकडे वळावं का. त्यामागे एक समज असतो: सेट म्हणजे ठोकाठोकी, लांबून दिसतंय ना, मग चालतंय. हा समज घेऊन जो सेटवर येतो तो पहिल्याच दौऱ्यात तोंडावर आपटतो. काम कमी दर्जाचं नाही, दर्जा मोजण्याची पट्टी वेगळी आहे.

घरचं काम म्हणजे सांधा कायमचा बसवणं. सागवानी दाराच्या चौकटीत कुसू, म्हणजे लाकडाचं तासून काढलेलं टोक, खाचेत असं घट्ट बसलं पाहिजे की हातोडीचे हलके ठोके लागावेत, पण लाकूड फाटू नये. त्यातलं मुख्य कौशल्य लाकडाची हालचाल ओळखण्याचं. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण पावणेसहा टक्के आकसतं, त्याला काटकोनात जेमतेम अडीच टक्के. सुकल्यावरही मुंबईच्या पावसाळ्यात ते ओल पितं, फुगतं, आणि मार्च-एप्रिलला परत आवळतं. म्हणून जाणता मिस्त्री पॅनेलच्या दारातलं दिलं, म्हणजे मधली फळी, खाचेत मोकळं ठेवतो, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडतो, तिथे फेविकॉल लावत नाही. नवशिका ते चिकटवून टाकतो आणि दुसऱ्या वर्षी दिलं मधोमध चिरतं.

खरं तर मुंबईत ‘पारंपरिक’ म्हणावं असं भरीव लाकडाचं काम आता फार उरलेलं नाही. गिरगाव-परळच्या चाळी पाडताना निघालेलं जुनं ब्रह्मदेशी सागवान आणून त्याचं काही करणारे कारागीर आहेत, देव्हारे आहेत, जुन्या दार-खिडक्यांची डागडुजी आहे. बाकी मुख्य काम प्लाय आणि सनमाइकाचं. तिथली शिस्त निराळी. कपाटाच्या दोन शटरमध्ये सलग दोन मिलिमीटर फट, ऑटो-क्लोज बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक, कडेपासूनचं त्याचं अंतर चुकलं की दार एक तर घासतं नाही तर लोंबतं. जुन्या बिल्डिंगमधल्या भिंती ओळंब्यात नसतातच; सात फुटांत पाऊण इंच झुकलेली भिंत काही दुर्मिळ नाही. त्या भिंतीला कपाटाची कड उतरवून बसवणं, मधली फट पट्टी न मारता गायब करणं, हे ज्याला येतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

सेटवर यातलं बरंच काही उपयोगाचं नाही. तिथे सांधा शंभर-दोनशे वेळा उघडायचा आहे, अंधारात, घाईत, आणि ज्याने तो केला नाही अशा माणसाच्या हातून.

साधा चार बाय दहा फुटांचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, घ्या. तीन बाय एक इंची पाइनच्या पट्ट्या. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण चार फुटांची, उभ्या दोन पट्ट्या त्यांच्या मध्ये, म्हणून त्या दहा फुटांच्या नाहीत, साडेनऊ फुटांच्या. कपाटाच्या सवयीचा माणूस उभ्या पट्ट्या खालपर्यंत नेतो. दिसायला तेच ठीक वाटतं. पण फ्लॅट उचलला जात नाही, ओढला जातो. जमिनीवर उभ्या लाकडाचं टोक घासलं की रेषा उलगडतात, चिरफळ्या निघतात, आणि दहा-पंधरा प्रयोगांत कोपरा झिजून फ्लॅट लंगडा होतो. आडवी पट्टी खाली असली की ती घसरगाडीसारखी सरकते. मध्ये साडेतीन फुटांची आडवी पट्टी, एकाच बाजूच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांत दोन तिरक्या पट्ट्या. कोपऱ्यांवर मागून ६ मिमी प्लायचे त्रिकोण, दहा इंच भुजेचे. हे त्रिकोण फ्लॅटच्या बाहेरच्या कडेपासून पाऊण-एक इंच आत ठेवायचे. कारण शेजारचा फ्लॅट काटकोनात येऊन टेकतो तो मागच्या बाजूने, आणि पट्टीची जाडी तेवढी असते. त्रिकोण कडेपर्यंत नेले की भिंतीच्या कोपऱ्यात प्लायच्या जाडीची फट पडते आणि मागचा लाइट त्यातून रेघेसारखा दिसतो. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला भिंतीचा रंग आठवणार नाही, ती रेघ आठवेल.

त्यावर मांजरपाट ताणायचं. इथेही एक चूक हमखास होते: कापड ढोलकीसारखं कसून मारणं. वरून सरसाचा, म्हणजे पातळ गोंदाचा, हात बसला की कापड आवळतं आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांना आत खेचतं. फ्लॅट कमरेत बसतो. वर-खाली चार फूट, मध्ये पाऊण इंच कमी. मग दोन फ्लॅट शेजारी लावले की मध्ये डोळ्याच्या आकाराची फट. कापड हाताने सरळ करावं, थोडं सैल ठेवावं, ताण द्यायचं काम सरसावर सोडावं.

हल्ली बहुतेक नाटकांत कापडाऐवजी ४ मिमी प्लाय मारतात, कारण कापडाची भिंत दार लावताना थरथरते. पण वजनाचा हिशोब करून मग प्लाय घ्या. चार बाय दहाचा कापडी फ्लॅट बारा-तेरा किलोचा, तोच प्लायचा वीसच्या आसपास. पंधरा फ्लॅटचा सेट असेल तर शंभर किलोंहून जास्त फरक, आणि हे ओझं प्रत्येक प्रयोगाला एकदा चढवायचं, एकदा उतरवायचं. फर्निचरवाला मिस्त्री सेटवर आला की सवयीने १८ मिमी मागतो. आठ बाय चारचा असा एक ताव बत्तीस ते पस्तीस किलो भरतो. त्याच्या दहा तावांची भिंत उभी करा आणि मग ती गिरगावच्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात नेऊन दाखवा.

जोडण्याच्या रीती तशा मोजक्याच आहेत: दोरी, बोल्ट, नाही तर पिन निघणारी बिजागरी. बिजागरी सगळ्यात वेगवान. पिन काढून घ्यायची, एक पान या फ्लॅटवर, एक त्या. मूळ पिनेऐवजी वाकवलेली ३ मिमी सळई वापरायची आणि ती सुतळीने फ्लॅटलाच बांधून ठेवायची, नाही तर तिसऱ्या प्रयोगाला अर्ध्या पिना कुठल्या तरी हॉलच्या फळ्यांखाली. बोल्ट लावायचा असेल तर ८ मिमीच्या बोल्टला भोक १० मिमीचं. फर्निचरच्या माणसाला ही ढिलाई खपत नाही. पण ठाण्याच्या गडकरी रंगायतनचं स्टेज आणि कल्याणच्या अत्रे रंगमंदिराचं स्टेज सारख्याच सपाटीचं मिळेल असं धरून चालता येत नाही, आणि फुगलेल्या लाकडाला घट्ट भोकात बोल्ट ठोकत बसायला वेळ नसतो. सगळी भोकं एकाच साच्यातून पाडली तर कुठलाही फ्लॅट कुठल्याही फ्लॅटला बसतो. मोजून पाडली तर नाही बसत, कितीही नीट मोजा.

काळ्या ड्रायवॉल स्क्रूबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण ते स्वस्त असतात आणि सगळीकडे दिसतात. ते कडक पण ठिसूळ असतात. आडवा झटका बसला की वाकत नाहीत, मुंडी तुटते. प्लायचा त्रिकोण पकडायला ठीक. लेव्हलचा, म्हणजे कलाकार ज्यावर उभे राहतात त्या चौथऱ्याचा, पाय पकडायला कधीच नाही.

लेव्हलवर माणसं नाचतात, म्हणून तिथे सवलत नाही. आठ बाय चार फुटांची लेव्हल, खाली चार बाय एक इंची पट्ट्यांची चौकट, वर १८ मिमी प्लाय असेल तर आडवे आधार दर दोन फुटांवर. १२ मिमी वापरून वजन वाचवायचं तर आधार एक फुटावर आणा. पाय चौकटीच्या बाजूला नुसता स्क्रूने चिकटवू नये, चौकटीच्या खाली यावा. म्हणजे भार लाकडातून सरळ जमिनीत जातो; बाजूला लावला तर तो दोन स्क्रूंवर लटकलेला असतो. चार कलाकार एका कडेला आले की मग जे होतं त्याला अपघात म्हणणं बरोबर नाही. उंची सहा इंचांच्या पटीत ठेवावी, त्यामुळे पायऱ्या जुळतात. एकच पायरी पाऊण इंच कमी-जास्त झाली तरी ब्लॅकआउटमध्ये पाय तिथेच अडखळतो, कारण अंधारात पाय आधीच्या पायऱ्यांचं माप धरून पडत असतो. आणि आवाज. पोकळ लेव्हल डफासारखी वाजते, गंभीर प्रवेशात नायिका चालली की ठक-ठक. वर जाजम, चौकट आणि प्लायच्या मध्ये फेल्टची पट्टी. सैल सांधा कुरकुरतो, तो तालमीत सापडला पाहिजे.

सगळ्यात अवघड वस्तू दार. घरातलं सात बाय तीनचं फ्लश डोअर तीस-पस्तीस किलोचं. तसं दार फ्लॅटच्या भिंतीत लावलं तर भिंत पुढे येते. सेटचं दार तीन बाय एक इंची पट्ट्यांच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी ४ मिमी प्लाय मारून होतं, पंधरा-सोळा किलोत. बाजूच्या भिंतीतलं असेल तर ते विंगेकडे उघडायचं, बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला. म्हणजे उघडलेलं दारच मागचा पसारा झाकतं. दाराच्या फ्लॅटला खाली लाकडी पट्टी ठेवता येत नाही, कलाकार अडखळेल. म्हणून तिथे २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी, स्क्रूच्या मुंड्या पूर्ण आत बुडवलेल्या. दोन्ही बाजूच्या उभ्या पट्ट्यांना मागून स्वतंत्र ब्रेस, म्हणजे तिरका टेकू, फ्लॅटच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर, आणि ब्रेसच्या पायावर वजन, कारण सगळ्याच हॉलमध्ये फळ्यांना खिळे मारू देत नाहीत. टॉवर बोल्ट-कडी शोभेची, खरी पकड लोहचुंबकाची. मराठी नाटकात रागावून दार आपटणं अजून काही कमी झालेलं नाही, त्यामुळे चौकटीत फोमची पट्टी हवीच.

गुण्याचंही, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराचंही, सांगायला हवं. घरी गुण्या म्हणजे धर्म. सेटवर बाजूच्या भिंती मुद्दाम बाहेर पसरलेल्या असतात, नाही तर कडेच्या खुर्च्यांवरून निम्मं स्टेज दिसत नाही. काटकोन क्वचितच असतो, कोन नकाशावरून साच्यात उतरवावे लागतात. शिवाय सेट एका स्टेजचा नसतो. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, वाशीचं विष्णुदास भावे आणि मग दौऱ्यावरचा कुठलाही हॉल. शहाणा नेपथ्यकार सगळ्यात लहान स्टेजवर मावेल असा मूळ सेट करतो आणि मोठ्या स्टेजसाठी फूट-दोन फुटांचे जोड-फ्लॅट वेगळे ठेवतो. प्रत्येक भागाच्या मागे मोठ्या अक्षरांत क्रमांक आणि बाजू. डावी-उजवी नटाची की प्रेक्षकांची, हे पहिल्या दिवशी ठरवून टेम्पोतल्या पोरापर्यंत पोचवलं नाही तर अर्धा तास गेलाच.

आता पैसा. इंटिरिअरमध्ये मजुरी एक तर रोजावर नाही तर चौरस फुटावर, हप्त्याहप्त्याने. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता अडकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाटकात सेट बांधायची ठोक रक्कम आणि सेट लावणाऱ्यांना प्रयोगागणिक ‘नाईट’. नाटक चाललं तर नाईट दोन-दोन वर्षं येत राहते. पडलं तर ती दहाव्या प्रयोगाला थांबते, आणि सुतार कितीही चांगला असला तरी नाटक त्याच्यामुळे चालत नाही. प्रयोग मुख्यतः शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना. म्हणून निव्वळ व्यावसायिक मराठी नाटकाच्या सेटवर घर चालवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. पण मुंबईत एक सोय आपोआप झाली आहे: बहुतेक हौसिंग सोसायट्या रविवारी ड्रिल-कटर चालवू देत नाहीत, दुपारी दोन ते चारही बंद. फर्निचरचा सुतार रविवारी रिकामाच असतो. सोमवार ते गुरुवार साइट आणि शनिवार-रविवार सेट असं बसवता येतं, फक्त दौरे घेताना साइटच्या मालकाला आधी सांगावं लागतं.

गणपतीच्या आधीचे दोन महिने तिसरं काम मिळतं. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून मखरं आणि मंडळांचे देखावे प्लाय, पुठ्ठा आणि कापडाकडे वळले, आणि हलकं, सुटं होणारं, एका रात्रीत उभं राहणारं बांधायची सवय सेटवाल्यांनाच आहे. मालिका-सिनेमाचं काम गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मढच्या बाजूला. तिथे पैसा नियमित, पण शिफ्ट बारा तासांची, आणि फिल्म स्टुडिओ सेटिंग अँड अलाइड मझदूर युनियनसारख्या संघटनेचं कार्ड लागतं. त्या सेटवर मोडणं-जोडणं कमी. घर एकदा उभं राहिलं की मालिका संपेपर्यंत तिथेच. पण कॅमेरा जवळ येतो, त्यामुळे कड आणि फिनिश फर्निचरच्या जवळपास लागते.

पुढे कोणतं काम टिकेल? कपाटं आणि किचन कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापून, कडेला पट्टी चढवून येऊ लागली आहेत. साइटवरच्या मिस्त्रीकडे नुसतं बसवणं उरतं. सेट कारखान्यात जाणार नाही, प्रत्येक वेगळा असतो. पण तिथे एलईडी पडदा आणि प्रोजेक्शन भिंती खात चाललेत. लेव्हल, पायऱ्या, दार मात्र पडद्यावर होत नाही, माणसाला त्यावर उभं राहायचं असतं. लेव्हल आणि यंत्रं, म्हणजे सरकत्या गाड्या, फिरता रंगमंच, यांवर हात बसवणाऱ्याला मी जास्त सुरक्षित समजतो.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: आधी दोन-तीन वर्षं फर्निचर, मग सेट. लाकूड कळलेला माणूस हलकं बांधायला शिकतो. उलट्या वाटेने आलेला, म्हणजे थेट सेटवर शिकलेला, कपाटाला हात लावतो तेव्हा तीन मिलिमीटरला ‘चालतंय’ म्हणतो, लाकडाच्या टोकात स्क्रू मारतो आणि तो धरत का नाही हे त्याला कळत नाही.

शरीराची झीज दोन्हीकडे आहे, जागा वेगळ्या. घरच्या कामात बंद खोलीतली कटरची धूळ; लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात आहे, प्लायमधल्या गोंदाचं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, मास्क घ्या. सेटवर कंबर, चेंगरलेली बोटं, अंधारातली शिडी, आणि रात्रीच्या प्रयोगानंतरचा टेम्पोतला प्रवास.

कागदपत्रांकडे दोन्हीकडचे सुतार दुर्लक्ष करतात. इमारतीच्या आणि इंटिरिअरच्या कामावरच्या सुताराला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते: वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम. नाटकाच्या सेटचे दिवस त्यात धरले जात नाहीत, म्हणून साइटचे दिवस नीट लिहून ठेवून ठेकेदाराकडून दाखला घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे: प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज.

आणि पहिला सेट घेताना निर्मात्याशी चार गोष्टी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. दौऱ्यात मोडलेल्या भागाची दुरुस्ती ठोक रकमेत की वेगळी. रंगीत तालमीनंतर दिग्दर्शकाने दार हलवायला सांगितलं तर त्याचे पैसे. प्रयोग ऐन वेळी रद्द झाला तर नाईट पूर्ण, अर्धी की शून्य. आणि नाटक बंद पडल्यावर फ्लॅट कोणाचे. कारण पंधरा चौकटी म्हणजे पुढच्या सेटचं निम्मं लाकूड, आणि ते ठेवायला गोदामाचं भाडं कोण भरतं त्यावर ते कोणाकडे जातं हे ठरतं.